वाचकांचे प्रश्न : सड्यावर स्मारक बांधायचे तर

प्रश्न : आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या मुखाशी आहे आणि बहुतेक घरे मासेमारी करणाऱ्यांची आहेत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत समुद्रात गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची यादी आम्ही घरोघर विचारून तयार केली. तीत आजवर 41 नावे झाली आहेत. त्यांचे स्मारक व्हावे अशी आमच्या मुंबईकर मंडळाची इच्छा असून, एका कुटुंबाने वाडीच्या वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), समुद्राकडच्या कडेला, 10 गुंठे जागा देऊ केली आहे. एका कंत्राटदाराने 25 फुटी काँक्रीटचा स्तंभ, ग्रॅनाइटचा चौथरा, पेव्हर ब्लॉकचे अंगण, हिरवळ आणि रात्रीचे प्रकाशझोत असा आराखडा दिला आहे. मंडळातील काही जण भुजचे स्मृतिवन पाहून आले असून त्यांना तसेच दाट वन हवे आहे. निसर्गाला धक्का न लावता, पुढच्या पिढीला झेपेल असे काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आपण यादी आधी केली आणि आराखडा नंतर मागितला, हे फार चांगले झाले. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. चौथरा बांधून होतो, उद्घाटनाची तारीख ठरते आणि मग कोणाची नावे राहिली यावरून वाद सुरू होतो.

सर्वप्रथम जागेविषयी. सडा म्हणजे ओसाड, रिकामी जागा असे आपण धरून चालतो, कारण मुंबईहून आपण गावी येतो ते बहुधा मे महिन्यात, आणि त्या दिवसांत सड्यावर तापलेल्या कातळाशिवाय काही दिसत नाही. एकदा ऑगस्टच्या अखेरीस त्याच जागेवर जाऊन बघावे. कातळाच्या वीतभर खोल खळग्यांत पाणी साचलेले असते आणि त्या पाण्यात, बोटभर मातीवर, गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले आणि तेरडा फुललेला असतो. पावसाच्या सुरुवातीला पांढरी फुले देणारी दीपकाडी तर कोकण-गोव्याच्या सड्यांखेरीज फारशी कुठे आढळतच नाही. या झाडोऱ्याला खोल माती नको असते आणि सावलीही नको असते. म्हणून कंत्राटदाराने ट्रकने आणलेली लाल माती पसरून केलेली हिरवळ असो, की मंडळाने हौसेने लावलेले दाट वन असो, सड्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. दोन्हींखाली तो गाडला जातो.

भुजचे स्मृतिवन मलाही मोलाचे वाटते, परंतु त्यातून काय घ्यायचे ते नीट पाहिले पाहिजे. 2001 च्या भूकंपात गेलेल्यांसाठी भुजिया डोंगरावर ते उभे राहिले आणि ऑगस्ट 2022 मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथे डोंगरउतारावर पाणी अडवणारे छोटे बांध घातले, त्या जलाशयांच्या भिंतींवर सुमारे 13 हजार मृतांची नावे लावली आणि भोवती झाडे वाढवली. कच्छमध्ये पाऊस थोडा, म्हणून पाण्याचा प्रत्येक थेंब धरून ठेवणे हेच तिथे मृतांचे स्मरण झाले. आपल्याकडे चार महिन्यांत सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. येथे प्रश्न पाणी अडवण्याचा नसून त्याला आपल्या वाटेने जाऊ देण्याचा आहे. भुजवरून शिकायचे ते हे, की स्मारकाची कल्पना तिथल्या पाण्यातून निघाली. त्याचे झाडांचे नकाशे उचलून आणायचे नाहीत.

याचा हिशेब साधा आहे. आपल्या 10 गुंठ्यांपैकी निम्म्या जागेवर, म्हणजे साधारण 500 चौरस मीटरवर, पेव्हर ब्लॉक बसवले, तर एका पावसाळ्यात त्यांवर सुमारे 15 लाख लिटर पाणी पडेल. आज ते पाणी कातळाच्या भेगांतून आत झिरपते, जांभ्याच्या थरातून खाली उतरते आणि त्याखालच्या चिकणमातीच्या थराला अडून उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. आपल्या वाडीच्या विहिरींचे पाणी बहुधा तेच असावे. फरशीवरून वाहणारे पाणी मात्र एकाच कडेला गोळा होऊन एकाच ठिकाणाहून खाली उडी घेईल, आणि त्या ठिकाणाखाली वाडी आहे. जुलै 2021 मध्ये तळिये आणि जुलै 2023 मध्ये इरशाळवाडी येथे दरड कोसळून जे झाले, त्यानंतर कोकणात उताराच्या वर एकही चौरस फूट विचाराविना फरसबंद करू नये, असे माझे मत आहे. कडेपासून मागे सरकावे आणि उतारात खोदकाम अजिबात करू नये.

काम सुरू करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावी. रत्नागिरी आणि राजापूर परिसरातील सड्यांवर कातळशिल्पे आहेत, हे आपण जाणताच; उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू येथील शिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. यांतील अनेक शिल्पे माती आणि गवताखाली झाकलेली होती आणि गुराख्यांना व म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक होती. म्हणून आपल्या 10 गुंठ्यांवर जेसीबी चढवण्याआधी वाडीतल्या दोन वयस्कर माणसांना घेऊन तो कातळ झाडूने साफ करून पाहावा. काही आढळल्यास पुरातत्त्व विभागाला कळवावे आणि स्मारक दुसरीकडे न्यावे.

आता स्तंभाविषयी. समुद्रकाठी काँक्रीट टिकत नाही असे नाही. परंतु ते टिकवण्याची किंमत मोजावी लागते आणि ती किंमत अंदाजपत्रकात दिसत नाही. खाऱ्या वाऱ्यातील क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आतल्या सळईपर्यंत पोचतात, सळईभोवतीचे संरक्षक कवच मोडतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे काँक्रीट आतून फुटून पापुद्र्यांनी सुटू लागते. भारतीय मानक 456 प्रमाणे समुद्राच्या तुषारांच्या पट्ट्यात किमान एम-35 प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर 50 मिलिमीटरचे आवरण लागते. आपल्या कंत्राटदाराच्या कागदावर हे दोन आकडे आहेत का, ते पाहावे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी, म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात, कोसळला; त्या दुर्घटनेच्या चर्चेत गंजलेल्या नटबोल्टांचा उल्लेख वारंवार झाला होता. उंची जितकी अधिक, तितका वारा अधिक. 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाने आले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या सुपारीच्या बागा आडव्या करून गेले.

येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात किनाऱ्यावरील एका गावासाठी मी एक स्मृतिशिला उभी केली होती. दगड उत्तम निवडला, पण तो चौथऱ्याशी जोडण्यासाठी साध्या लोखंडी खुंट्या वापरल्या. सहाव्या वर्षी त्या खुंट्या गंजून फुगल्या आणि शिळा खालून वरपर्यंत तडकली. नेमकी नावांच्या मधून. तेव्हापासून मी समुद्राजवळ दगडात लोखंड घालत नाही. दगड दगडावर स्वतःच्या वजनाने बसवावा, आणि धातू अपरिहार्यच असेल तर 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले 304 प्रतीचे स्टील खाऱ्या हवेत डागाळते. दोन निरनिराळे धातू एकमेकांना चिकटवून बसवू नयेत, कारण खारट ओलाव्यात त्यांपैकी एक दुसऱ्याला खातो.

मग बांधावे काय? माझी सूचना अशी आहे, की वाडीतून सड्यावर जाणाऱ्या जुन्या वाटेची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्या, दुरुस्त करावी आणि तिच्या वरच्या टोकाला एक बुटकी, तीन बाजूंनी भिंतींची, कौलारू पडवी बांधावी. एवढेच. दहा-बारा माणसे कट्ट्यावर बसू शकतील इतकी ती मोठी असावी. उरलेला सडा जसा आहे तसा राहू द्यावा. हद्द दाखवायची झाली तर चुना-सिमेंट न लावता रचलेला गडगा घालावा, म्हणजे पाणी त्यातून आरपार जाईल.

भिंतींसाठी जांभा चिरा हाच योग्य दगड होय. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. 1807 मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात या दगडाचे वर्णन करताना त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ असे नाव दिले ते याचमुळे. तथापि नवा चिरा निष्पाप आहे, असे समजण्याचे कारण नाही. प्रत्येक चिरेखाण म्हणजे कापून काढलेला एक सडाच असतो. सुदैवाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, आज कोकणात प्रत्येक वाडीत एखादे तरी जुने चिरेबंदी घर स्लॅबच्या घरासाठी पाडले जात आहे. ते चिरे, ते वासे आणि ती कौले घ्यावीत. मी तर असे सुचवीन की ज्यांच्या घरची माणसे समुद्रात गेली, त्यांच्या जुन्या घराचा एकेक तरी चिरा त्या भिंतीत असावा. चिऱ्यांमधले सांधे भरताना सिमेंटऐवजी चुना वापरावा, कारण जांभा पाणी पितो आणि ते त्याला परत सोडता आले पाहिजे. सिमेंटच्या कडक सांध्यात ओलावा अडकतो आणि दगडच झिजतो.

पडवीचे तोंड कोठे असावे, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. माणसांना समुद्र दिसायला हवा, आणि पाऊस तर समुद्राकडूनच, नैर्ऋत्येकडून येतो. जुन्या घरांनी हा प्रश्न पावसाळ्यात पडवीला झाप बांधून सोडवला होता. आपण नैर्ऋत्येची भिंत पूर्ण बंद ठेवावी, तिच्यात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर एकच अरुंद आडवा झरोका ठेवावा आणि पडवी ईशान्येला, वाडीच्या दिशेने, उघडावी. म्हणजे आत बसलेल्या माणसाला वाडी पूर्ण दिसेल आणि समुद्र केवळ एका रेघेएवढा. ज्यांनी त्या समुद्रात माणसे गमावली त्यांना तो चोवीस तास अंगावर घ्यायचा नसतो, असा माझा अनुभव आहे. मात्र या बाबतीत त्या घरांतील स्त्रियांना विचारूनच निर्णय घ्यावा.

छप्पर 30 अंशांच्या आसपास उताराचे, वळचण खाली ओढलेली आणि कडेच्या दोन ओळींची कौले तारेने बांधलेली असावीत. ही कौले दर वर्षी शाकारावी लागतील. कंत्राटदार म्हणेल, की स्लॅब घाला म्हणजे कटकट नाही. मला ही कटकटच हवी आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्याआधी मेच्या अखेरीस होड्या वर ओढून शाकारून ठेवल्या जातात आणि नेमके तेव्हाच मुंबईकरही गावात असतात. त्या आठवड्यातील एक सकाळ पडवी शाकारण्यासाठी ठेवावी. फुटलेली कौले बदलणे, ढासळलेला गडगा रचणे, पाखाडीवरचे शेवाळ घासणे, वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावणे, ही सगळी कामे वाडीतील माणसांना आजही येतात, त्यांसाठी कोणा तज्ज्ञाला बोलवावे लागत नाही. 25 फुटी स्तंभाला चीर गेली तर मात्र वाडी खाली उभी राहून वर पाहण्यापलीकडे काही करू शकत नाही, आणि वर्गणीचे पुस्तक पुन्हा काढावे लागते.

नावे कोरण्यासाठी जांभा उपयोगी नाही. त्याच्या छिद्रांत बारीक अक्षर धरत नाही. नावांसाठी काळ्या पाषाणाच्या सुट्या पट्ट्या घ्याव्यात आणि त्या आतल्या भिंतीत, वळचणीखाली, सकाळचे ऊन लागेल अशा बाजूला बसवाव्यात. क्रम वर्णमालेनुसार किंवा मानपानानुसार न लावता तारखेनुसार लावावा, म्हणजे एकाच होडीत गेलेली माणसे एकत्र राहतील. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारकावर, जे 1982 मध्ये माया लिन यांच्या आराखड्यानुसार जमिनीत उतरणाऱ्या काळ्या भिंतीच्या रूपात झाले, 58 हजारांहून अधिक नावे अशीच तारखेच्या क्रमाने आहेत आणि नंतर ठरलेली नावे आजवर त्यात भरली गेली आहेत. आपल्या भिंतीतही काही पट्ट्या कोऱ्या ठेवाव्यात. हे लिहिताना हात अडखळतो. पण आपली यादी अपुरी असू शकते, आणि वाडी अजून समुद्रावर जाते.

उंचीची हौस ज्यांना आहे, त्यांना एकदा रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराकडे घेऊन जावे. गड बांधणाऱ्या हिरोजींनी आपले नाव तिथल्या पायरीच्या दगडावर कोरवून घेतले आहे : ‘सेवेचे ठायी तत्पर’. साडेतीनशे वर्षे लोक वाकून ते वाचत आहेत.

प्रकाशझोतांना माझा स्पष्ट विरोध आहे. वेळास, आंजर्ले यांसारख्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि वाळूतून वर आलेली पिल्ले क्षितिजावर जिथे सर्वांत उजेड तिकडे धावतात. एरवी तो उजेड समुद्राचा असतो. शिवाय रात्री खाडीत शिरणारा तांडेल किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या खुणा पाहून होडी आत घेतो. खाडीच्या मुखावर, उंचावर, अचानक एक प्रखर दिवा लावणे त्याच्या दृष्टीने काय ठरेल, हे त्यालाच विचारावे. कोनाड्यात पणती ठेवण्याची सोय पुरे आहे.

परवानगीविषयी थोडक्यात. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. 2011 च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला 2,161 हून अधिक लोकसंख्या असलेल्या दाट वस्तीच्या भागांसाठीच ही मर्यादा 50 मीटर आहे. सडा उंच आहे म्हणून तो या अंतरातून सुटत नाही, कारण अंतर आडवे मोजतात. खाडीच्या बाजूची रेषा निराळी असते. म्हणून मंजूर नकाशावर आपला गट क्रमांक कोठे पडतो ते पाहून, गरज असल्यास महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज करावा. जागा देणाऱ्या कुटुंबाकडून तोंडी शब्द न घेता बक्षीसपत्र नोंदवून घ्यावे. आजचा मोठेपणा पुढच्या पिढीच्या वाटणीत टिकतोच असे नाही.

प्रश्न : आमचे वडील शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर गुहागर तालुक्यातील बागायतीत रमले होते. त्यांच्या रक्षेचा काही भाग आम्ही जपून ठेवला आहे. तो झाडाखाली घालून, भोवती संगमरवरी चौथरा करावा असे मनात आहे. कोणते झाड लावावे? (दोघी बहिणी, सध्या पुणे)

उत्तर : झाड आपण दोघींनी नव्हे, तर त्या जागेने निवडावे. बागायत पुळणीला लागून असेल आणि खारा वारा थेट येत असेल तर उंडी लावावी. तिची जाड, चकचकीत पाने तो वारा सोसतात. थोडा आडोसा असेल तर बकुळ किंवा सुरंगी. सुरंगीला वेळ लागतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या फांद्यांना बिलगून फुललेल्या कळ्यांचा वास सांगून समजावण्याजोगा नाही. सुरू लावू नये. तो ऑस्ट्रेलियाकडचा पाहुणा आहे आणि आपल्याखाली दुसरे फारसे काही उगवू देत नाही. पुळणीवर आधीच मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा असतील तर त्या ‘साफ’ करून घेऊ नयेत, वाळू त्यांनीच धरून ठेवलेली असते.

रक्षेबाबत एक सावधगिरी. ती अतिशय अल्कधर्मी आणि क्षारयुक्त असते. सगळी एकाच खड्ड्यात, कोवळ्या रोपाच्या मुळाशी घातली तर रोप जळते. मूठभर रक्षा घमेलेभर मातीत आणि शेणखतात मिसळून, मुळांपासून हातभर अंतरावर पसरावी. आपल्याकडची लाल माती आम्लधर्मी असल्यामुळे एवढे प्रमाण ती सामावून घेते. रोप जूनच्या मध्यावर, पाऊस नीट धरल्यावर लावावे.

संगमरवर नको. तो कोकणाचा दगड नाही, दोन पावसाळ्यांत त्यावर काळे ओघळ उतरतात आणि मग आपल्याला तो पाहवणार नाही. पार करायचाच असेल तर खोडापासून निदान दीड मीटर दूर, जुन्या चिऱ्यांचा, सांधे मोकळे ठेवून रचावा, म्हणजे पाणी आणि हवा मुळांपर्यंत जाईल. नावाची पाटी खिळ्याने झाडाला ठोकू नये. आपण पुण्यात असता, तेव्हा पहिले दोन उन्हाळे त्या रोपाला पाणी कोण घालणार हे आधी ठरवावे आणि त्या माणसाला विचारूनच खड्ड्याची जागा निश्चित करावी. जिथे त्याची रोजची फेरी असते तिथले झाड जगते.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारात काळ्या दगडावर संस्थापकांची नावे कोरून सोनेरी रंग भरला होता. तीन पावसाळ्यांत रंग गेला, दगड हिरवा झाला. ॲसिडने धुवावा का? (एक मुख्याध्यापिका, सिंधुदुर्ग)

उत्तर : ॲसिड मुळीच वापरू नये, त्याने दगडाचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या वर्षी शेवाळ अधिक घट्ट बसते. नारळाच्या काथ्याने किंवा प्लॅस्टिकच्या ब्रशने, नुसत्या पाण्याने, दिवाळीच्या सुट्टीत दगड कोरडा होऊ लागल्यावर घासावा. तारेचा ब्रशही नको, कारण त्याचे कण दगडात राहून गंजतात. रंग पुन्हा भरू नये. पाथरवटाकडून अक्षरे इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खोल खाच पाडून घ्यावीत. तिरप्या उन्हात त्या खाचेची एक बाजू सावलीत जाते आणि रंगाविना अक्षर वाचता येते. दगड सध्या पश्चिमेकडे तोंड करून उभा असेल, तर तो उचलून पूर्वेकडे वळवून ठेवावा. त्यावर वर्गाच्या खिडकीवर असते तशी वीतभर कौलारू झडप करता आली, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.